अर्ध्या वाक्यांचा डबा

उजमाचा निकाल आला तेव्हा कमरोद्दीन दुकानात पाण्यातल्या मोटारीच्या कॉइलला वार्निश लावत होता. हात चिकट झाले होते, म्हणून त्यानं फोन खांद्यानं कानाला दाबून धरला.

"अब्बा, वाचन पास. तिकडच्या माहितीचा पेपर पण पास," उजमा म्हणाली. "बोलण्यात नापास."

"बोलण्यात?"

"व्हय. परत द्यावी लागंल."

"मग देऊ की परत. त्यात काय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानं ब्रश वार्निशात बुडवून बाहेर काढला आणि तसाच धरून बसला. डोक्यावरची पाटी उतरवून ठेवल्यावर वाटतं तसं त्याला हलकं वाटत होतं. पोरगी नापास झाली आणि बापाला हलकं वाटतंय, हे ध्यानात आलं तसा तो स्वतःवरच चिडला. त्या दिवशी त्या कॉइलला गरजेपेक्षा दुप्पट वार्निश बसलं.

मागच्या वर्षी उजमाचा निकाह झाला होता. जावई तौफिक मूळचा इथलाच, रोशन गेटचा. पण लहानपणी चुलत्याबरोबर नेदरलँड्सला गेला आणि तिकडचाच झाला. रॉटरडॅमला एका मोठ्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. निकाह झाला, जेवणं झाली, पण रुखसती, म्हणजे मुलीची पाठवणी, राहून गेली. नवऱ्याकडं राहायला जायचं तर आधी डच भाषा थोडीफार येते हे परीक्षा देऊन दाखवावं लागतं, तेही दिल्लीला, त्यांच्या वकिलातीत. पास झालं की व्हिसाचे कागद, मग पाठवणी. तोवर उजमा लग्न होऊनही बापाच्या घरी, गारखेड्यातल्या दोन खोल्यांत राहत होती.

निकाहानंतर चार महिन्यांनी वहिदा, उजमाची आई, वारली. सकाळी भांडी घासता घासता तिला दम लागला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. घासून झालेली भांडी पालथी होती आणि राहिलेली तशीच नळाखाली होती. कमरोद्दीनला त्या दिवसातलं तेवढंच स्वच्छ आठवतं.

डच शिकायला सुरुवात झाली तेव्हा वहिदा होती. सूतगिरणी चौकाजवळ संस्कृती मॅडम क्लास घेतात. त्या बरीच वर्षं तिकडं नोकरी करून परत आलेल्या. उजमा क्लासवरून आली की वहिदा तव्यापुढं बसल्या बसल्या विचारायची, आज काय शिकवलं. वहिदा पिशोरची. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तिचं अर्धं बोलणं मराठीतच असायचं, त्यामुळं या घरात दखनी उर्दू कमी आणि मराठी जास्त.

"आज जर-तरची वाक्यं शिकवली," एकदा उजमा म्हणाली. "जरला ते आल्स म्हणतात. आल्स इक होंगर हेप. म्हणजे मला भूक लागली तर. यात क्रियापद शेवटी येतं."

"आपल्यासारखंच की. बरी माणसं दिसतात," वहिदा म्हणाली.

"पुढं ऐक ना, अम्मी. दुसऱ्या अर्ध्यात तेच क्रियापद उडी मारून पुढं येतं. एत इक ब्रोत. खाते मी पाव."

"नळावर पोरं मध्येच घुसतात तसं?"

"तसंच. आणि 'तर' नाय म्हटलं तरी चालतं."

"तर नाय म्हटलं तर मग वाक्याला धरायचं कुठं?" वहिदानं भाकरी उलटली. "मला तर लटकल्यासारखं वाटतं बाई."

परीक्षेत असं असतं, की यंत्र अर्धं वाक्य म्हणतं आणि उरलेलं अर्धं आपण म्हणायचं. म्हणजे सरावाला अर्धं वाक्य म्हणणारं कुणीतरी हवं. वहिदानं ते काम अंगावर घेतलं. उजमा सांगेल तशी तिनं साठ अर्धी वाक्यं साठ चिठ्ठ्यांवर लिहिली. भाषा डच, पण अक्षर मराठी, आणि तेही मोठं, उजवीकडं कललेलं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्या चिठ्ठ्या घातल्या. रोज संध्याकाळी ती डबा मांडीवर घ्यायची, एक चिठ्ठी काढायची आणि शाळेत धडा वाचावा तशी वाचायची. गाडीला उशीर झाला तर. मी आजारी पडले तर. थंडी वाजली तर. उजमा पोळपाटावरून मान वर न करता पुढचं बोलायची. बस पकडते मी. बोलावते मी डॉक्टरला. घालते मी कोट.

"सासू रागावली तर टाक की एक," वहिदा म्हणायची.

"ते परीक्षेत नाय विचारत."

"मग कशाला परीक्षा घेतात."

एक चिठ्ठी मात्र वहिदानं हट्टानं स्वतःसाठी लिहून घेतली. "मी येणारच हाय तिकडं. मला पण टाक त्यात." आल्स मेइन मूदर कोम्त. माझी आई आली तर. त्यावर उजमानं म्हणायचं, माक इक ते, करते मी चहा. आणि दर वेळी वहिदा म्हणायची, "साखर जरा जास्त टाक."

कमरोद्दीन तेव्हा दारात बसून रेडिओ ऐकायचा. या दोघींचं काय चाललंय याकडं त्याचं अर्धंच लक्ष असायचं. आता त्याला त्याचीच जास्त रुखरुख लागते. तेव्हाच जरा आत सरकून बसलो असतो तर.

वहिदाच्या चाळिसाव्या दिवसाची फातेहा झाल्यावर उजमानं डबा त्याच्या मांडीवर ठेवला. "अब्बा, आता तुमी वाचा."

तो वाचू लागला. अर्थ त्याला कळत नव्हता, पण अक्षर कळत होतं. वहिदा 'ल'ला शेपूट काढायची, आणि स्वल्पविराम एवढा मोठा काढायची की तिथं थांबावंच लागायचं. महिना-दोन महिन्यांत कुठल्या चिठ्ठीला काय उत्तर येतं ते त्याच्या कानाला पाठ झालं. तीस वर्षं मोटारींचे आवाज ऐकून कान तयार झालेला. 'मूदर' म्हणजे काय, ते कुणी सांगायची गरज नव्हती. ती चिठ्ठी हाती आली की तो घडी घालून परत डब्यात टाकायचा आणि दुसरी काढायचा. उजमा तेवढा वेळ कालवणात पळी फिरवत राहायची.

एकदा मॅडमच्या क्लासातला पंखा जळाला, म्हणून तो बसवून द्यायला गेला होता. शिडीवर चढलेला असताना खाली मॅडम मुलांना सांगत होत्या, "हे झालं जे घडू शकतं त्याचं. जे आता घडणारच नाही, असतं तर, आलं असतं तर, त्याची बांधणी वेगळी. ते पुढच्या पुस्तकात. तुमच्या परीक्षेला नाही." कमरोद्दीननं पंख्याचा स्क्रू आवळला. त्याच्या डोक्यात दिवसभर जी वाक्यं फिरायची ती सगळी पुढच्या पुस्तकातली होती.

आणि आता उजमा बोलण्यातच नापास झाली होती.

निकालानंतर चार-पाच दिवसांनी पिशोरचे सर्जेराव दुकानात आले. त्यांची मोटार तीनदा दुरुस्तीला आली होती. तिन्ही वेळा कमरोद्दीननं ती खोलून पाहिली, दिवा लावून कॉइल तपासली, टेबलावर तासभर चालवली. काही खोट सापडत नव्हती. विहिरीत सोडली की बंद.

"घेऊन जातो मोटार," सर्जेराव म्हणाले. "खोट सापडली."

"काय होतं?"

"आमचा बाबा." सर्जेरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "फ्यूज काढून खिशात घालतो. म्हणं विहीर आटंल. आमी महिनाभर मोटार काढतोय, घालतोय, अन् ह्यो बाजेवर बसून बघतोय. काल बंडी धुवायला टाकली तवा खिशातून निघाले. तीन फ्यूज."

कमरोद्दीन हसला. "म्हातारा पक्का हाय."

"पक्का म्हंजे? वरून मला म्हणतो, कमरूमिस्तरीला काय येत नाय, दुसरा बघ."

सर्जेराव मोटार घेऊन गेले आणि कमरोद्दीनचं हसू हळूहळू उतरलं. टेबलावर चालणारी वस्तू विहिरीत चालत नाही, तेव्हा खोट वस्तूत नसते. कुणीतरी काहीतरी काढून घेतलेलं असतं. हे त्याला तीस वर्षांपासून माहीत होतं, आणि तरी महिनाभर तो त्या मोटारीतच शोधत बसला होता.

संध्याकाळी त्यानं डबा घेतला. उजमा कांदा चिरत होती. त्यानं एकामागून एक चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. एक वगळून एकोणसाठ. उजमा कांदा चिरता चिरता, डोळे पुसता पुसता, कुकरची शिटी मोजता मोजता उत्तरं देत गेली. मुद्दाम तो मध्येच चुकीचं वाचायचा, तर ती आधी त्याचं सुधारायची आणि मग आपलं बोलायची. एकही अडली नाही.

त्यानं डब्याला झाकण लावलं.

"उजू, दिल्लीत किती सोडलीस?"

सुरी थांबली. "काय?"

"वाक्यं. यंत्रानं अर्धं म्हटल्यावर किती वेळा गप बसलीस?"

तिनं चिरलेला कांदा सुरीनं एका बाजूला सारला. मग म्हणाली, "सगळ्या वेळा."

"का?"

"ते बाईच्या आवाजात होतं," उजमा म्हणाली. "सुरुवातीला बोलणार होते मी. खरंच. मग वाटलं, आता मी ह्या बाईला उत्तर दिलं तर घरी तुमी कुणाला वाचून दाखवणार. एक सोडलं. मग पुढचं पण सोडलं. ते आपोआप पुढं जातं, थांबत नाय."

"मला काय धाड भरलीय?"

"अम्मी गेली तेव्हा पाच दिवस तुमी चहावर होता. ताट पुढं ठेवलं की म्हणायचा, जेवलो. मी बघितलंय, अब्बा."

"ते पाच दिवस वेगळे."

"आणि तौफिकला मी सांगितलंय, घाई नाय. तो म्हणतो, बरं."

"तो म्हणंलच बरं. त्याला वाटतं तू अडलीस." कमरोद्दीनचा आवाज चढला, आणि चढला तसा खाली आला. कारण निकालाच्या दिवशी हलकं कुणाला वाटलं होतं, ते त्याच्या लक्षात होतं. त्या म्हाताऱ्यानं फ्यूज खिशात घातले, पण आपल्याही खिशात काहीतरी होतंच.

तो उठला, पाणी प्यायला, परत येऊन बसला.

"आपल्या दुकानातून मोटार ट्रायल घेतल्याशिवाय जाती का?"

"नाय."

"मग माझी ट्रायल घे. तू आठ दिवस पिशोरला खालाकडं जाऊन राहा. आठव्या दिवशी ये. मी धड असलो तर दिल्लीला जायचं आणि तोंड उघडायचं. धड नसलो तर राहा इथं. मी परत एक शब्द बोलणार नाय."

"कबूल?"

"कबूल."

"तीनदा म्हणा," उजमा म्हणाली. "एकदा म्हटलेलं धरत नायत."

तो तीनदा म्हणाला. वहिदा गेल्यानंतर पहिल्यांदा दोघं एकत्र हसले.

जायच्या आधी दोन दिवस उजमानं त्याला वरण शिकवलं, भाकरी थापायला शिकवली. ज्वारी दळून आणली आणि पिठाचा डबा काठोकाठ भरला. मग वहिदा करायची तेच तिनं केलं. पीठ हातानं सारखं केलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि पंजा दाबून त्यावर उमटवला. पाच बोटं. बरकत राहते म्हणतात. वहिदाच्या आईची सवय वहिदाला, वहिदाची उजमाला. डब्याला झाकण लावून ती खालाकडं, वहिदाच्या बहिणीकडं, गेली.

पहिल्या दिवशी कमरोद्दीन दुकान बंद करून वेळेवर घरी आला. हातपाय धुतले, बाह्या सारल्या, परात खाली ठेवली आणि पिठाचा डबा उघडला.

पिठावर वहिदाचा हात होता.

तो उजमाचा आहे हे त्याला कळत होतं. सकाळीच त्याच्या डोळ्यांसमोर उमटवलेला. पण मधलं बोट तसंच लांब, करंगळी तशीच जरा बाहेर वळलेली. मायलेकींचे हात एकाच मापाचे, हे एवढ्या वर्षांत त्यानं कधी बघितलं नव्हतं. तो परात धरून उभा राहिला. एका बाजूनं, बोटांना न लावता, चमच्यानं पीठ घेता येईल का, असंही त्याच्या मनात आलं. चमचा आणला. पण एका बाजूनं घेतलं तरी पीठ घसरणार आणि करंगळी ढासळणार. त्यानं झाकण लावलं आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव आणला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. तिसऱ्या दिवसापासून तो घरी येताना पाव घेऊनच येऊ लागला.

उजमाचा रोज फोन यायचा.

"काय जेवलात?"

"भाकरी. वरण."

"कसं झालं वरण?"

"मीठ जास्त पडलं जरा."

खोट्यात थोडी खोट घातली की ते खरं वाटतं, हे त्याला गिऱ्हाइकांनी शिकवलं होतं. पलीकडं खाला ओरडून विचारायची, "भावजी, पोरीला पाठवून देऊ का परत?" आणि तो म्हणायचा, "ठेवा हो, मजेत हाय मी."

संध्याकाळी काही सुचायचं नाही. पाचव्या दिवशी त्यानं चिठ्ठ्यांचा डबा काढला. वाटलं, नुसतं वाचू. एक काढली, वाचली. स्वल्पविरामाशी थांबला, तशी सवयच होती. मग पुढच्या अर्ध्याची वाट बघत बसला. बाहेर भाजीवाला ओरडून गेला. समोरच्या घरात कुणीतरी बादली भरत होतं. पुढचं अर्धं त्याला येत होतं, पण ते आपण म्हणायचं असं त्याच्या मनात आलं नाही. दुसरी काढली. तिथंही थांबला. अशा दहा-बारा वाचून त्यानं डबा ठेवून दिला. एवढ्या मोठ्या स्वल्पविरामाला त्या घरात उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी त्यानं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. परात ओली करून उभी ठेवली, म्हणजे वापरल्यासारखी दिसेल. दुपारच्या बसनं उजमा आली. खालानं दिलेली शेंगांची पिशवी खाली ठेवली, बापाला खालवर बघितलं, "बारीक झालात का?" म्हणाली, आणि उत्तर न ऐकता स्वयंपाकघरात गेली.

डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग कसलाच आवाज आला नाही.

"अब्बा."

"काय गं."

"भाकऱ्या कशाच्या केल्या?"

तो दारात येऊन उभा राहिला. पाच बोटं जशीच्या तशी होती. पिठाला साधा तडासुद्धा गेला नव्हता.

"पाव खाल्ला," तो म्हणाला.

"आठ दिवस?"

"तुझ्याच चिठ्ठीत लिहिलंय. भूक लागली तर पाव खातो."

उजमाला हसू आलं. ते तिनं दाबलं, आणि दाबता दाबता तिचे डोळे भरले. ती डब्याजवळ खालीच बसली.

"ट्रायल फेल," ती म्हणाली.

"फेल."

"मग मी जात नाय. तीनदा कबूल म्हटलंय तुमी."

कमरोद्दीन गप्प राहिला. गप्प राहिलं की काम होणार होतं. पोरगी घरात राहणार होती, संध्याकाळी चिठ्ठ्यांना उत्तरं येणार होती, निकालाच्या दिवशी वाटलं होतं तसं रोज हलकं वाटणार होतं. त्यासाठी काहीच करायचं नव्हतं, फक्त बोलायचं नव्हतं. उजमा दिल्लीत नेमकं तेच करून आली होती.

"हात मोडवेना," तो म्हणाला.

"कुठला हात?"

"पिठावरचा."

उजमानं डब्यात बघितलं. "माझा हाय तो, अब्बा."

"माहीत हाय. पण दिसतो तिचा. करंगळी बघ."

उजमानं आपला पंजा वर धरला, करंगळीकडं बघितलं आणि मग डब्याकडं बघितलं. तिलाही ते आजवर माहीत नव्हतं.

"भाकरी येत नाय म्हणून उपाशी नव्हतो मी," कमरोद्दीन म्हणाला. "वाईट येईल, पण येईल. अडलं ते इथं. मोटार ट्रायलला थांबली म्हणून कुणी भंगारात देत नाय. खोलून बघायची, कुठं अडती ते. सापडलं की लावायची परत."

"आणि परत थांबली तर?"

"परत खोलायची. धंदाच तो आपला."

तो खाली बसला. बाही वर सारली. डब्यावर हात धरला आणि तो तसाच क्षणभर हवेत राहिला. मग त्यानं त्या पंज्याच्या बरोबर मधोमध बोटं घातली आणि मूठभर पीठ वर काढलं. बाजूचं पीठ घसरत आलं आणि खड्ड्यात भरलं. करंगळी सगळ्यात शेवटी गेली.

"परात दे," तो म्हणाला.

पहिली भाकरी थापताना मधोमध फाटली. दुसरी तव्याला चिकटली. तिसरी जाड झाली, पण भाकरी म्हणण्यासारखी झाली. दोघांनी ती शेंगांच्या चटणीबरोबर खाल्ली. कमरोद्दीन खाली मान घालून जेवत होता, आणि उजमा एकसारखं त्याच्या ताटाकडं बघत होती. त्यानं दुसरी चतकोर मागून घेतली तेव्हा तिनं बघणं थांबवलं.

जेवणं झाल्यावर ती पीठ सारखं करायला लागली. पंजा दाबायला हात उचलला आणि मागं घेतला.

"तुमी चेपा."

"मी? बायकांचं काम ते."

"बरकत बाईमाणूस बघून येती का? चेपा."

त्यानं बिस्मिल्ला म्हटलं आणि पंजा दाबला. त्याचा हात रुंद, नखांत वार्निश बसलेलं, आणि पहिल्या बोटाचं टोक पंधरा वर्षांपूर्वी एका पंख्यात गेलेलं. पिठावर साडेचार बोटं उमटली.

"साडेचार बोटांची बरकत," उजमा म्हणाली. "पुरंल का?"

"एका माणसाला पुरंल."

उजमानं डब्याला झाकण लावलं.

उजमा पुन्हा आठ दिवस पिशोरला गेली. खाला म्हणाली, हिला घरात ठेवून घेत नायत का आता. या वेळी ती परत आली तेव्हा डबा अर्ध्यावर आला होता आणि वर साडेचार बोटं होती, जराशी वाकडी. वरणात खरोखरच मीठ जास्त झालं होतं. तिनं तौफिकला फोन केला आणि दिल्लीची तारीख घेतली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी शेवटचा सराव केला. कमरोद्दीन दाराशी न बसता आत, तव्याजवळ बसला होता. चिठ्ठ्या संपत आल्या आणि ती चिठ्ठी हाती आली. सवयीनं त्यानं घडी घातली. उजमा कालवणात पळी फिरवू लागली. मग त्यानं घडी परत उलगडली.

"आल्स मेइन मूदर कोम्त," त्यानं वाचलं आणि स्वल्पविरामाशी थांबला.

पळी थांबली. उजमा त्याच्याकडं पाठ करून उभी होती.

"माक इक ते," ती म्हणाली.

"साखर जरा जास्त टाक," कमरोद्दीन म्हणाला. ते म्हणायचं असं काही ठरवलेलं नव्हतं. उजमानं मान हलवली आणि पदरानं तोंड पुसलं. त्यानं ती चिठ्ठी बाकीच्यांबरोबर डब्यात ठेवली.

दिल्लीत वकिलातीच्या फाटकाशी उजमाची पिशवी आणि फोन त्याच्याकडं राहिला. आत फक्त तिला सोडलं. तो समोरच्या फुटपाथवर एका झाडाच्या बुंध्याला टेकून बसला. तासाभरानं एक जण बाहेर आला, मग दोघी आल्या. प्रत्येक वेळी तो उठून उभा राहिला आणि परत बसला. आत एक बाई अर्धं अर्धं वाक्य म्हणत असेल. त्यानं मनातल्या मनात आठवणीनं एकेक वाक्य म्हणून बघितलं, आणि प्रत्येकापुढं पोरीचा आवाज आणून ठेवला. हा आवाज आता आत एका यंत्रात बसणार होता. महिना-दोन महिन्यांनी तो रॉटरडॅमला असणार होता, आणि गारखेड्याच्या त्या खोलीत साडेचार बोटं आणि चिठ्ठ्यांचा डबा उरणार होता. हलकं वगैरे काही वाटत नव्हतं. तरी उठून फाटकाशी जावं आणि पोरीला परत बोलवावं, असंही वाटत नव्हतं.

उजमा बाहेर आली. ऊन डोळ्यांवर आलं म्हणून तिनं कपाळावर आडवा हात धरला आणि रस्त्यापलीकडं त्याला शोधलं. तो उभा राहिला. रस्ता ओलांडून ती जवळ आली तरी तो विचारीना.

"बोलले," ती म्हणाली. "सगळी. एकपण सोडलं नाय."

"बरं झालं."

"शेवटी आवाज जरा थरथरला. पण बोलले."

"चालतं. नव्या मोटारीचा पण सुरुवातीला होतो तसा आवाज." त्यानं तिची पिशवी खांद्याला लावली.

उजमा त्याच्याकडं बघत होती. सकाळपासून दोघांच्या पोटात नुसता चहा होता.

"आल्स इक होंगर हेप," ती म्हणाली आणि थांबली.

आजवर पहिलं अर्धं नेहमी त्याच्याकडं असायचं. कमरोद्दीननं घसा साफ केला.

"एत इक ब्रोत," तो म्हणाला.

मग दोघं पाव कुठं मिळतो ते बघायला निघाले.